कच्चा आवाज

आमच्या अंगणात दोन ऐरणी होत्या. एक माझ्या वडिलांची आणि दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो आणि काकांना नाना. दोघेही नालबंद. घोड्यांच्या आणि बैलांच्या पायांना नाल ठोकायचे हा आमच्या घराण्याचा धंदा. दोघे सकाळी एकाच वेळी अंगणात उतरत, एकाच हौदातलं पाणी घेत, एकाच लिंबाच्या सावलीत बसत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. मला कळायला लागलं तेव्हापासून हे असंच होतं. बोलायचं काही निघालंच तर ते माझ्या तोंडून. "तुना काकाले सांग, कानस मनी शे," आबा म्हणत. नाना हाताच्या अंतरावर बसलेले असत, त्यांनी ते ऐकलेलं असे, तरी मी ते पुन्हा सांगेपर्यंत ते मान वर करत नसत. मग म्हणत, "तुना बापले सांग, कानसवर नाव लिखेल शे का?" की मी वळून तेही सांगायचं. भांडण दोघांचं आणि तोंड दुखायचं माझं. भरीस भर म्हणजे आबांचा निरोप नानांना झोंबला तर नाना माझ्यावर डोळे वटारत आणि नानांचा आबांना झोंबला तर आबा हातोडीच्या दांड्यानं माझ्या डोक्यावर टकटक करत. पुढे साक्रीला नांदायला गेल्यावर तिथल्या जावा म्हणायच्या, हिच्या बोलण्यात फार टोचणी आहे. असणारच. मी लहानपणभर दुसऱ्यांच्याच टोचण्या वाहिल्या.

भांडणाचं कारण विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगे. मला पटतं ते असं. आबांचं म्हणणं, नाल खुराच्या मापाचा करायचा. जनावराचं खूर जसं वाढलंय तसं, थोडं पसरट असेल तर पसरट, एका अंगाला कललेलं असेल तर तेवढं कलून. नाल तापवायचा, ठोकायचा, खुराला लावून पाहायचा, परत ठोकायचा. वेळ लागला तरी चालेल. नानांचा हात झपाट्याचा. त्यांच्याकडे ठरावीक मापाचे नाल करून ठेवलेले असत. खुराला जवळचा दिसेल तो लावायचा आणि बाहेर राहिलेलं खूर कानशीनं घासून त्याच्या बरोबरीत आणायचं. पाय असा देखणा दिसे की गिऱ्हाईक खूश. आबा म्हणत, हे म्हणजे चपलेला पाय मोठा झाला म्हणून बोटं कापायची. यावरून एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, चार व्यापारी उभे असताना, नानांनी आबांचा एक नाल हातात घेतला, तो टाचेकडे रुंद होता, आणि म्हणाले, "भाऊ नाल नही ठोकस, भाकर थापस." व्यापारी हसले. आबांच्या ते जिव्हारी लागलं. परतीच्या वाटेवर दोघे एकाच गाडीत बसून आले आणि कोणी कोणाशी बोललं नाही, आणि पुढेही मग बोललं नाही.

देवपुरात आणि पांझरेच्या पलीकडे धुळ्यातही ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. टांगेवाले, लग्नाच्या घोड्या ठेवणारे, बैलगाडीवाले, सगळे सावध असत. एकाकडे गेलं तर दुसरा रुसणार आणि दोघे एकाच अंगणात. म्हणून गिऱ्हाइकांनीच एक रीत पाडली होती. जनावराचे पुढचे दोन पाय आबांनी करायचे, मागचे दोन नानांनी. घोडा आधी लिंबाच्या या अंगाला उभा राही, मग त्या अंगाला. पुढे रुंद नाल आणि मागे घट्ट नाल घालून आमच्या अंगणातून बाहेर पडणारा घोडा म्हणजे आमच्या घराची चालती चुगली होती. घरातही तीच तऱ्हा. चुली दोन. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत असली आणि काकूच्या चुलीवर वांगी भाजण्याचा वास आला, की आई मुद्दाम ठेच्यात दोन मिरच्या जास्त घालून पाटा जोरानं वाजवी. दोघींचं एकमेकींशी तसं वैर नव्हतं. दुपारी पुरुष झोपले की त्या परसात बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत. पण नवरे जागे झाले की त्यांना भांडावं लागे. आईच्या मनात एकच होतं, या दोघांनी एकदा तरी बोलावं. त्यासाठी तिनं किती उपास केले असतील कोण जाणे. माझ्यासाठी तिनं केलेला एकही उपास मला आठवत नाही.

मी आता पुन्हा देवपुरात राहते, मुलाकडे. समोरच लग्नाचं लॉन आहे. लग्नसराईत रोज वरात असते, डीजेनं गॅलरीच्या काचा हलतात, आणि मधोमध पांढरी घोडी, तिच्या अंगावर मण्यांची झूल. माझं लक्ष तिच्या पायांकडे. डांबरावर नाल वाजला की मला कळतं, कुठला सैल आहे. मुलगा म्हणतो, आईचे कान अजून मांजराचे आहेत, भिंतीपलीकडचं ऐकते. सुनेला त्याचा त्रास होतो हे मला माहीत आहे. पण हे कान मी हौसेनं कमावलेले नाहीत. ते आबांनी तयार करून घेतले, स्वतःच्या गरजेपोटी, आणि गरज संपली तेव्हा त्यांनाच ते नकोसे झाले.

आमचं काम पहाटे नदीवर सुरू होई. नाल मारायचं जनावर आधी पांझरेच्या उथळ पाण्यात उभं करायचं, म्हणजे वाळून दगड झालेलं खूर जरा नरम येतं. धुळ्याच्या उन्हात खुरांना भेगा पडत. आबा मालकांना दम देत, की तेल चोळा, गोठ्यात मुताचा चिखल होऊ देऊ नका, खूर कुजतं. मालक हो म्हणत आणि काही करत नसत. मग अंगणात आणून जुना नाल काढायचा. त्याच्या खिळ्यांची वाकवलेली टोकं आधी सरळ करायची, नाहीतर ओढताना खुराचा टवका निघतो. मग पकडीनं वाढलेली कड कापायची, वाकड्या टोकाच्या सुरीनं तळव्यातला घाण, भुसभुशीत भाग काढायचा. तळव्याच्या मधे एक रबरासारखा त्रिकोण असतो, त्याला आबा पुतळी म्हणत. त्या पुतळीला सुरी लावायची नाही. नाना लावत. तासून तासून तिची नक्षी करत. आबा म्हणत, घोडा चालतो तो त्या पुतळीवर, ती कापली तर तो काय तुझ्या नक्षीवर चालेल? अर्थात हे मला म्हणत, नानांना ऐकू जाईल अशा बेतानं. खुराचे तासलेले तुकडे खायला गल्लीतली कुत्री जमत आणि त्यांचीही भांडणं लागत. त्या अंगणात भांडत नव्हतं असं कुणीच नव्हतं.

सगळ्यात अवघड काम खिळ्याचं. खुराची बाहेरची भिंत नखासारखी निर्जीव असते. तिच्या आत, एका पांढऱ्या रेघेपलीकडे, जिव्हाळी. नखाखालची जिव्हाळी दुखली की माणूस कसा कळवळतो ते ज्याला माहीत आहे त्याला घोड्याचं सांगायला नको. खिळा त्या रेघेच्या बाहेरून शिरला पाहिजे आणि वर भिंतीतून बाहेर पडला पाहिजे. मग त्याचं टोक मोडून, वाकवून, कानशीनं घासून टाकायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून ऐकायचं. खिळा निर्जीव भिंतीतून जात असला की हातोडीच्या प्रत्येक घावाला आवाज कडक होत जातो. तोच आत मऊ भागाकडे वळला की आवाज बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. "हाऊ पक्का, हाऊ कच्चा," आबा मला शिकवत. "बठ्ठं कानवर शे, डोयावर काहीच नही." सगळं कानावर, डोळ्यांवर काही नाही. आवाज कच्चा आला की लगेच थांबायचं, खिळा उपसायचा आणि ते भोक मोकळं सोडून द्यायचं. एक खिळा कमी असला तर नाल पडत नाही, पण एक खिळा आत गेला तर घोडा जाऊ शकतो.

आबांना हे आवाज ऐकू येईनासे झाले होते. आयुष्यभर ऐरणीशेजारी बसून कान गेले. हे फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. आईलाही माहीत नव्हतं. तिला वाटे, ते मुद्दाम उत्तर देत नाहीत, आणि बऱ्याचदा ते खरंही होतं. नानांशी बोलणं बंद असल्यामुळे नानांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. निरोप मी देत असे, आबांच्या कानाशी, मोठ्यानं, आणि लोक समजत की पोरीला मोठ्यानं बोलायची खोड आहे. नालबंदाला ऐकू येत नाही ही बातमी बाहेर गेली तर कोण जनावर आणणार? म्हणून आबांनी मला हाताशी घेतलं. मी घोड्याचा पाय दुमडून मांडीवर धरायची, ते समोर बसून खिळा मारायचे. माझ्या उजव्या पायाचा अंगठा त्यांच्या पावलाला लागलेला असे. आवाज पक्का असेपर्यंत अंगठा नुसता टेकलेला. कच्चा झाला की मी दाबायची. मी दाबलं की त्यांची हातोडी थांबे, ते खिळा उपसत आणि कपाळावरचा घाम पुसत असं काही म्हणत की जणू त्यांनाच ते ऐकू आलं. बघणारे मान डोलावत. म्हणत, आबांचा कान म्हणजे कान.

मला याचं वाईट वाटत नव्हतं. उलट मला माज होता. त्या घरात मुलीला दोनच कामं, निरोप आणि भांडी. मला तिसरं होतं आणि त्यावर सगळा धंदा उभा होता. मला एवढंच हवं होतं, की एक दिवस हातोडी माझ्या हातात यावी आणि एखादा खिळा मी स्वतः मारावा. आबांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, देखू. 'देखू' म्हणजे नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मात्र त्या 'देखू'वर जगत होते. दुपारी ते झोपले की मी लिंबाच्या जाड फांदीच्या तुकड्यात जुने खिळे मारून बघायची, आवाज ऐकायची, उपसायची आणि परत मारायची.

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा गुलाबभाऊ त्याची हरणी घेऊन आला. गुलाबभाऊ वरातीला घोड्या पुरवायचा आणि हरणी ही त्याची पांढरी, नाजूक, पातळ खुरांची घोडी. पातळ खुराला खिळा मारणं म्हणजे जोखीम. पुढचे पाय आबांचे. उजवा नीट झाला. डावा मी मांडीवर घेतला. त्या वेळी नानांच्या अंगाला काम नव्हतं. ते बिडी ओढत लिंबाला टेकून आमच्याकडे बघत होते. त्यांनी असं बघत बसणं आबांना सहन होत नसे. आबांचे हात घाईला आले. बाहेरच्या अंगाचा शेवटून दुसरा खिळा निम्मा गेला आणि आवाज बसला. मी अंगठा दाबला. हातोडी थांबली नाही. मी पुन्हा दाबला, नख रुतेल इतक्या जोरानं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिंबाकडे पाहिलं, आणि आपला पाय माझ्या पायापासून बाजूला घेतला. उरलेला खिळा त्यांनी आत घातला, टोक मोडलं आणि वाकवलं. नानांच्या डोळ्यांदेखत त्यांना खिळा उपसायचा नव्हता. त्यांना कळलं नाही असं नाही. त्यांना सगळं कळलं होतं.

घोडी तेव्हा हलली नाही. खिळा जिव्हाळीत घुसलेला नव्हता, तिला खेटून गेला होता. असं झालं की जनावर लगेच पाय ओढत नाही. चालायला लागलं, खूर दबलं, की आतल्या आत ठणका लागतो, मग पू धरतो. मी त्या रात्री जेवताना आबांच्या कानाशी म्हटलं, हरणीचा खिळा काढून येऊ या. ते म्हणाले, भाकर खाय. आई म्हणाली, बापाशी वाद घालू नकोस. शेवभाजी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

थोड्याच दिवसांनी, ऊन वर आलेलं असताना, गुलाबभाऊ घोडीला ओढत ओढत अंगणात आला. हरणी डावा पुढचा पाय टेकवत नव्हती. मान खाली-वर करत तीन पायांवर उड्या मारत होती. गुलाबभाऊमागे गल्लीतली निम्मी माणसं. "आबा, घोडी पाय टेकत नही. संध्याकायले वरात शे, मी नवरदेवले काय खांदावर बसाडू?" तो म्हणाला. त्याचा आवाज असा मोठा होता की आबांनाही ऐकू आला. आबा उठले, घोडीभोवती फिरले आणि म्हणाले, "दुखनं मांगला पायमा शे. लंगडं पुढे दखास." म्हणजे दुखणं मागच्या पायात आहे, घोडी लंगडते पुढे. असं होतं कधीकधी, त्यामुळे काही जणांनी माना डोलावल्या. मागचे पाय नानांचे. नानांनी बिडी फेकली. "गुलाब, पयले पुढला पाय देख. मना पायस्ले कोनी हात लावू नका." दोघेही गुलाबभाऊशी बोलत होते, आणि बोलत होते एकमेकांशी. लोकांना मजा येत होती. कुणी म्हणे पुढचा, कुणी म्हणे मागचा. घोडी मात्र तोंडाला फेस आणून थरथरत होती. तिच्या दुखण्याकडे बघायला त्या अंगणात कुणाला सवड नव्हती.

मी गेले आणि हरणीचा डावा पाय उचलला. खूर हाताला गरम लागलं. पकड घेऊन एकेका खिळ्यावर हलकेच टिचकी मारत गेले. त्या एका खिळ्याशी पोचले तसा तिनं पाय असा हिसडला की मी मागे पडले. आबा उभे होते. मी पुन्हा पाय धरला, त्या खिळ्याचं वाकवलेलं टोक सरळ केलं आणि पकडीनं ओढला. खिळा काळा आणि ओला आला. त्यामागून पू आला आणि वास सुटला. मी खिळा तळहातावर धरून उभी राहिले. हातोडी कधी माझ्या हातात आली नाही, पण आबांच्या नालातला खिळा मी उपसला होता आणि सगळ्यांनी तो पाहिला.

आबांनी खिळा पाहिला, लोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरनी पाय हालावा. तवय खिया वाकडा गया."

पोरीनं पाय हलवला म्हणून खिळा वाकडा गेला. माझ्यावर. आजही हे लिहिताना माझे कान तापतात. ते म्हणाले असते, झालं, चुकला हात, तर मी मेले तरी तोंड उघडलं नसतं. इतक्या दिवसांचं गुपित मी अंगठ्याखाली ठेवलंच होतं की. पण माझ्या मांडीवर पाय हलला, हे खोटं होतं. मी घोड्याचा पाय असा धरायची की आबा स्वतः म्हणत, खांब आहे. मी म्हटलं, "मी पाय हालावा नही, आबा. मी पाय दाबा व्हता. दोन डाव."

"कोना पाय दाबा?" हे नानांनी विचारलं. थेट मला, निरोप म्हणून नाही.

"आबास्ना. आवाज कच्चा उना का मी त्यास्ना पाय दाबस. आबास्ले ऐकू येत नही."

गुलाबभाऊ मागच्या माणसांकडे वळून पाहायला लागला. मी काय बोलले ते आबांना ऐकू गेलं नाही. पण सगळ्यांचे चेहरे फिरलेले त्यांना दिसले आणि त्यावरून त्यांना ते कळलं. त्यांनी मला मारलं नाही. ते जाऊन ऐरणीशी बसले आणि थंड नाल उचलून त्यावर उगाच हातोडी मारत राहिले. मी नानांकडे बघत होते. मला वाटलं, आता हे हसतील. इतक्या वर्षांनी त्यांना हवं ते मिळालं होतं, भावाचं नाक कापलं गेलं होतं, तेही भावाच्याच पोरीकडून. नाना माझ्याजवळ आले आणि दात आवळून म्हणाले, "तोंड बंद कर. चार लोकस्मा बापनी अब्रू काढस का?" मग त्यांनी माझ्या हातातली पकड काढून घेतली, हरणीचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, आबांचा नाल पूर्ण उतरवला, भोक मोठं करून पू वाहू दिला, आणि काकूला ओरडून मिठाचं गरम पाणी आणि जवसाचं पोटीस मागवलं. गुलाबभाऊला आणि जमलेल्या सगळ्यांना त्यांनी बजावलं, भावाच्या कानाचं बाहेर बोललात तर या अंगणात पाय ठेवू नका. घोडी वाचली. त्या संध्याकाळच्या वरातीचं काय झालं ते मला आठवत नाही.

मी आजवर पुष्कळांना हे सांगितलं आहे आणि पुष्कळांनी मला सांगितलं आहे, की बापाचं व्यंग असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. हे सांगणाऱ्यांपैकी कुणीही घोडीचं नाव काढलं नाही. आणि खोटं माझ्या नावावर घातलं गेलं त्याबद्दलही कुणी चकार शब्द काढला नाही. मी चुकले असं मला वाटत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यानंतर आबांनी मला पाय धरायला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी टांग्याचा घोडा आला. मी सवयीनं पुढे झाले, तर त्यांनी हातानं मला बाजूला सारलं, नजर न उचलता, आणि घोड्याच्या मालकालाच पाय धरायला सांगितलं. खिळे ते अदमासानं मारत होते. आतून, स्वयंपाकघरातून, मी ऐकत होते. पक्का, पक्का, पक्का. आवाज कच्चा येईल आणि मी काही करू शकणार नाही, याची मला भीती वाटत होती. त्यांच्यासाठी नव्हे, घोड्यासाठी. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

असे काही दिवस गेले. आबा माझ्याशी बोलत नव्हते, त्यामुळे नानांना निरोप जाणंही थांबलं. दोन्ही ऐरणी नुसत्या वाजत. मग एका सकाळी मी आईबरोबर लसूण सोलत बसले होते. मला दारातून दिसलं, नाना उठले, लिंब ओलांडून आबांच्या अंगाला गेले आणि त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. आबांची हातोडी थांबली. नानांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आता कानाचं माहीत होतं, म्हणून ते ओरडून बोलले, इतक्या मोठ्यानं की गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

"भाऊ, पोरनं लगीन करी टाकूत."

आबा बहिऱ्या माणसासारखे तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "कोठे?"

"साक्रीमा घर शे. मानसं बरा शेतस."

"हां," आबा म्हणाले. "करी टाकूत."

मी आईकडे पाहिलं. तिच्या हातातला लसूण ताटलीत पडला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला तिच्या कुशीत डोकं घालावंसं वाटलं. म्हटलं, या घरात एकीला तरी माझ्यासाठी रडू आलं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून हसली, तशी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"भाऊ-भाऊ बोलनात वं माय," ती म्हणाली, बोलले एकदाचे, आणि पुरणाच्या मांड्यांसाठी हरभऱ्याची डाळ काढायला उठली.